निअँडरथल आणि आपण : लोक मला विचारतात ते प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात या विषयावर तासभर बोललो, आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. काही चिठ्ठीवर आले, काही देवळाच्या मंडपात, एक तर मासळीबाजारात. सगळ्यांना वेगवेगळं सांगून दमलो, म्हणून इथं एकत्र लिहितो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, संशोधक नाही. या विषयाचं वाचन मात्र बरीच वर्षं चालू आहे.

निअँडरथल म्हणजे नक्की कोण? आमचे पूर्वज?

चुलत घराणं म्हणा. आपली आणि त्यांची मूळ शाखा साधारण साडेपाच ते साडेसात लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. आपलं घराणं आफ्रिकेत वाढलं, त्यांचं युरोप आणि पश्चिम आशियात. स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोस या गुहेतल्या ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या हाडांचा डीएनए २०१६ मध्ये वाचला गेला. ती माणसं तेव्हाच निअँडरथलांच्या वाटेला लागलेली होती. पोर्तुगालपासून सायबेरियातल्या अल्ताई डोंगरापर्यंत हे लोक पसरले आणि सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी दिसेनासे झाले.

चुलत घराण्यात आपल्याकडे सोयरीक करत नाहीत. इथं मात्र झाली, आणि एकदा नव्हे. त्यामुळे ते चुलतही ठरतात आणि थोडेसे पूर्वजही.

अंगाने बुटके, पिळदार. पुरुष साधारण १६५ सेंटीमीटर. भुवयांवर हाडाची जाड कड, रुंद नाक, हनुवटी जवळपास नाहीच. मेंदू आपल्याएवढा, कधी थोडा मोठाच, पण कवटी आपल्यासारखी गोल नसून मागे लांबट. वाकून चालणारा केसाळ रानटी हे चित्र १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथं सापडलेल्या सांगाड्यावरून रूढ झालं. तो माणूस वयस्क होता आणि संधिवाताने पिडलेला. एका म्हाताऱ्याच्या दुखऱ्या सांध्यांवरून अख्ख्या जमातीची चाल ठरवली गेली, आणि ती चूक सुधारायला पुढची पन्नास वर्षं गेली.

हे नाव कुठून आलं?

जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडर नावाचं खोरं आहे. १८५६ मध्ये तिथल्या चुनखडीच्या खाणीत कामगारांना हाडं मिळाली. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी ‘होमो निअँडरथलेन्सिस’ हे नाव दिलं. ‘थल’ म्हणजे खोरं. जर्मन माणूस त्याचा उच्चार ‘टाल’ असा करतो, त्यामुळे निअँडरटाल म्हटलंत तरी चूक नाही. गंमत पुढे आहे. खोऱ्याचं नाव योआखिम निअँडर या सतराव्या शतकातल्या धर्मगीतकारावरून पडलेलं. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान, ते ग्रीक वळणाचं करून निअँडर झालं. अर्थ : ‘नवा माणूस’.

चाळीस हजार वर्षं जुन्या हाडातून एवढं सगळं कळतं कसं?

हाडात आणि दातात डीएनएचे तुटके तुकडे उरतात. अडचण अशी की त्यात बहुतेक भाग जंतूंचा असतो, आणि हाड हाताळणाऱ्या माणसाचा डीएनएही त्यात मिसळतो. स्वान्ते पाबो यांनी आयुष्यभर ही भेसळ निस्तरली. १९९७ मध्ये माइटोकाँड्रिया या पेशीतल्या घटकाच्या डीएनएचा छोटा तुकडा, २०१० मध्ये क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या हाडांवरून निअँडरथल जनुकसंचाचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, पहिला मसुदा, आणि २०२२ मध्ये नोबेल. आता तर हाडही लागत नाही. गुहेतल्या मातीतूनच डीएनए काढता येतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

आमच्या अंगात त्यांचं किती रक्त आहे? गोवेकरांत जास्त की कमी?

आफ्रिकेबाहेरच्या जवळपास प्रत्येक माणसात १ ते २ टक्के. गोवेकर त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. बार्देशकार आणि सासष्टीकार असा फरक यात शोधू नये. आफ्रिकेतल्या लोकांतही थोडा अंश आहे, सुमारे ०.३ टक्के, हे २०२० मध्ये कळलं. युरेशियातून परत फिरलेल्या माणसांनी तो नेला.

‘दोन टक्के म्हणजे काहीच नाही की!’ असं एकजण म्हणाले. त्यांना मी पाडपाचा हिशेब सांगितला. पाडेलीने शंभर नारळ पाडले, त्यात दोन निअँडरथल माडाचे. शेजाऱ्याकडेही दोनच, पण तुमच्याकडचे ते दोन नव्हेत, दुसरे. अख्ख्या वाड्याने आपापले दोन-दोन नारळ अंगणात आणून टाकले तर ढीग होतो. नेमकं हेच भारतात करून बघितलं. २,७०० हून अधिक भारतीयांचे जनुकसंच तपासून प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. एकेका माणसातले तुकडे जोडत गेल्यावर निअँडरथल जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग भारतीयांच्या अंगातून गोळा झाला. ते लोक गेले, पण त्यांच्या जनुकांचा निम्मा दस्तऐवज आपल्या लोकांत विखरून शाबूत आहे.

मला यातली न सापडणारी जागाही तितकीच बोलकी वाटते. गुणसूत्रांच्या काही भागांत निअँडरथल अंश जवळपास शून्य आहे, आणि एक्स गुणसूत्रावर एकूणच बराच कमी. भाषेशी संबंध असलेल्या फॉक्सपी२ जनुकाच्या आसपासही तो मिळत नाही. म्हणजे जे आलं त्यातलं पुष्कळसं निसर्गाने हजारो वर्षांत निवडून बाहेर टाकलं. जे उरलं त्यात त्वचा, केस आणि रोगप्रतिकारशक्ती यांची जनुकं बरीच आहेत. नव्या मुलखात, नव्या रोगांत, तिथं आधीपासून राहणाऱ्यांची शिदोरी उपयोगी पडली असणार.

ही सोयरीक झाली कधी?

डिसेंबर २०२४ मध्ये दोन अभ्यास एकाच आठवड्यात आले आणि उत्तर बरंच नेमकं झालं. जर्मनीतल्या रानिस आणि चेक प्रजासत्ताकातल्या झ्लाटी कून इथल्या सुमारे ४५ हजार वर्षं जुन्या माणसांचे जनुकसंच वाचून, तसंच शेकडो प्राचीन आणि आजच्या माणसांची तुलना करून हिशेब लागला. आज आपल्यात असलेला निअँडरथल अंश मुख्यतः ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या संबंधातून आला. म्हणजे एखाद्या रात्रीची भानगड नव्हे. कित्येक पिढ्या शेजार होता.

हे फक्त त्यांच्याकडून आपल्याकडे झालं, असं समजू नका. आपल्या बाजूची माणसं त्याआधी, दोन लाख वर्षांहून आधीही, आफ्रिकेबाहेर पडली होती आणि त्यांचा अंश निअँडरथलांत शिरला. निअँडरथल पुरुषांचं वाय गुणसूत्र तर आपल्याच शाखेकडून गेलेलं निघालं.

शाळेत आम्ही उत्क्रांतीचं झाड काढायचो. एकदा फुटलेली फांदी परत जुळत नाही, म्हणून ते चित्र आता मला खटकतं. त्यापेक्षा कुंभारजुव्याचा कालवा बघा. मांडवी वेगळी, जुवारी वेगळी. उगम वेगळे, मुखं वेगळी. पण मधे तो कालवा आहे, आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाणी कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे. म्हणून कोणी मांडवीला जुवारी म्हणत नाही. आणि दोन्ही नद्यांचं पाणी निव्वळ स्वतःचं आहे, असंही कोणी म्हणू नये.

एका मुलीची आई निअँडरथल आणि बाप भलताच होता, हे खरं?

खरं. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत दोन हजारांहून अधिक हाडांचे चुरे चाळताना अडीच सेंटीमीटरचा एक तुकडा माणसाचा निघाला. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला : सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची, तेराएक वर्षांची मुलगी. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. दूरचा वारसा नव्हे, थेट पहिली पिढी.

डेनिसोव्हन कोण आणखी?

तिसरं घराणं. २०१० मध्ये बोटाच्या एका हाडातल्या डीएनएवरून त्यांची ओळख पटली, पण चेहरा कुणी पाहिला नव्हता. तो २०२५ मध्ये मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. चीनच्या हार्बिनमधली ‘ड्रॅगन मॅन’ म्हणून गाजलेली, किमान १ लाख ४६ हजार वर्षं जुनी कवटी डेनिसोव्हन निघाली. फू च्याओमेई यांच्या गटाने कवटीतल्या प्रथिनांवरून आणि दातावरच्या कीटणातल्या डीएनएवरून हे ठरवलं. दंतवैद्य खरवडून टाकतो ते कीटण! भारतीयांतही डेनिसोव्हन अंश आहे, निअँडरथलांपेक्षा बराच कमी.

कोविडमध्ये आपल्याकडे माणसं जास्त गेली ती या जनुकामुळे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी त्या मे महिन्यात घरातलं माणूस गमावलं होतं, म्हणून नीट उत्तर देतो.

तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा असलेल्यांना कोविड तीव्र होण्याचा धोका जास्त होता. ह्यूगो सेबर्ग आणि पाबो यांनी २०२० मध्ये दाखवलं की हा तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात १६ टक्क्यांत, पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. भारतात त्याचं प्रमाण पूर्व आणि ईशान्येकडे जास्त आढळलं.

पण धोका जास्त म्हणजे नशीब ठरलं असं नव्हे. वय, मधुमेह, प्राणवायू वेळेवर मिळणं या गोष्टी त्याहून भारी होत्या. शिवाय निअँडरथलांनीच आणखी एक तुकडा दिलाय, बाराव्या गुणसूत्रावर, आणि तो कोविडपासून थोडं संरक्षण देतो. तिसऱ्या गुणसूत्रावरचा तो बदनाम तुकडा एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी करतो, असंही २०२२ मध्ये दिसलं. आपल्या माणसाच्या जाण्याचा दोष कुणा गुहेतल्या पूर्वजाला लावण्याइतकं हे सोपं नाही.

ते खायचे काय? नुसतं कच्चं मांस?

माझा आवडता प्रश्न, आणि हाच मासळीबाजारात आला होता. मी कुर्ल्या घेत होतो. विकणाऱ्या बाय म्हणाल्या, ‘सर, तुमचे ते गुहेवाले कुर्ल्या खायचे?’

खायचे! तेसुद्धा पोर्तुगालात. लिस्बनच्या दक्षिणेला समुद्रकाठी फिगेइरा ब्रावा नावाची गुहा आहे. तिथं सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल मोठ्या कुर्ल्या पकडून आणायचे, हे २०२३ मध्ये छापून आलं. लहानसहान नव्हेत, पाठ १६ सेंटीमीटर रुंद, एकीत २०० ग्रॅमच्या आसपास मांस. कवचांवर जळल्याच्या काळ्या खुणा आहेत. निखाऱ्यांवर भाजताना होते तेवढ्या उष्णतेच्या. नांग्या फोडलेल्या आहेत त्याही आतलं मांस काढायला आपण फोडतो तशाच. पक्ष्यांनी किंवा उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा नाहीत. त्याच गुहेत शिनाणे, तिसऱ्यांसारखे शिंपले आणि मासेही मिळाले. बायना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक कुर्ली जास्त घातली. नारळ आणि तिखट नसताना कुर्ली काय लागत असेल, याचं मात्र त्यांना वाईट वाटलं.

कडधान्यंही होती. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीच्या थरात जळून कोळसा झालेलं अन्न सापडलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रानटी कडधान्यं दिसली, भिजवलेली आणि भरड कुटलेली. म्हणजे आपलं टोणक नव्हे, पण भिजत घालण्याची अक्कल तीच.

जर्मनीत नॉयमार्क-नॉर्ड इथं तर १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी तळ्याकाठी चरबी काढण्याचा कारखानाच होता म्हणा. किमान १७२ मोठ्या जनावरांची हाडं बारीक फोडून पाण्यात तापवायची आणि वर आलेला तुपकट तवंग गोळा करायचा, असा २०२५ चा निष्कर्ष आहे. नुसतं लुसलुशीत मांस खाऊन माणूस जगत नाही. प्रथिनं अती झाली तर विषबाधेसारखी अवस्था होते. चरबी लागते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आग? इंग्लंडमधल्या बार्नम इथं ४ लाख वर्षांपूर्वी कुणीतरी, बहुधा आरंभीच्या निअँडरथलांनी, ठिणगी पाडून आग पेटवली होती, असा पुरावा डिसेंबर २०२५ मध्ये आला. भाजलेल्या मातीशेजारी पायराइटचे तुकडे मिळाले. तो दगड त्या भागात सहज मिळत नाही. म्हणजे चकमक झाडायला मुद्दाम आणलेला.

ते बोलायचे का?

काहीतरी बोलत असणार. इस्रायलमधल्या केबारा गुहेत जिभेच्या बुडाशी असतं ते हाड मिळालं, ते आपल्यासारखंच आहे. फॉक्सपी२ जनुकही आपल्यासारखंच. व्याकरण होतं की नव्हतं, ते हाड सांगत नाही.

आजाऱ्या-म्हाताऱ्यांना सोडून द्यायचे का?

शानिदारमधला पहिला सांगाडा बघा. एका डोळ्याने बहुधा आंधळा, उजवा हात वाळलेला, कानात हाड वाढल्यामुळे बहिरा. एवढं असून तो चाळिशीच्या आसपास पोचला, म्हणजे तेव्हाच्या मानाने म्हाताराच. कुणीतरी त्याला वाढलं, कुणीतरी थांबून बरोबर नेलं. स्पेनमधल्या कोवा नेग्रा गुहेतलं एक मूल २०२४ मध्ये चर्चेत आलं. कानाच्या हाडावरून त्याला डाउन सिंड्रोम असल्याचं दिसतं, आणि ते सहा वर्षांचं होईपर्यंत जगलं.

चित्रं काढायचे?

भांडण चालू आहे. स्पेनमधल्या तीन गुहांतल्या रंगखुणा ६४ हजार वर्षांहून जुन्या, म्हणजे आपण तिथं पोचण्याआधीच्या, असं २०१८ मध्ये मांडलं गेलं. कालमापन काहींना मान्य नाही. माझं मत विचाराल तर फ्रान्समधल्या ब्रुनिकेल गुहेतली रचना पुरेशी आहे. गुहेच्या तोंडापासून ३०० मीटरहून आत, जिथं उजेडाचा कणही पोचत नाही, तिथं निअँडरथलांनी १ लाख ७६ हजार वर्षांपूर्वी लवणस्तंभ तोडून त्यांची वर्तुळं मांडली. मशाली नेऊन. कशासाठी, कोण जाणे. पोट भरायला नक्कीच नव्हे.

गोव्यात निअँडरथलांची हाडं मिळतील का? पणसायमळची चित्रं त्यांची तर नव्हेत?

दुसऱ्याचं उत्तर आधी : नव्हेत. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर जांभ्यात कोरलेले ते बैल, हरणं आणि चक्रव्यूह आपल्यासारख्याच माणसांचे. निअँडरथल संपल्यावर फार नंतरचे.

हाडांचं म्हणाल तर निअँडरथलांचा एकही जीवाश्म भारतात मिळालेला नाही. मध्य प्रदेशात हथनोरा इथं नर्मदेकाठी १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तो कोणत्या घराण्याचा यावर वाद आहे. दगडी हत्यारं मात्र भरपूर. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथली हत्यारं १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. हत्यारं आहेत, करणारे सापडत नाहीत!

कारण आपल्या परसात आहे. आमचा कुत्रा मेला तेव्हा त्याला माडाखाली पुरला होता. बारा वर्षांनी आळं रुंद करताना पिकासाला लागले ते दात, बाकी तांबडी माती. जांभ्याची माती आम्ल, त्यात चार महिने पाऊस. हाडातला चुना विरघळून जातो. डीएनए तर त्याहून नाजूक, उष्णतेत लवकर तुटतो. हरियाणातल्या राखीगढीत डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या गटाने साठेक नमुने तपासले. त्यातल्या एका स्त्रीचाच डीएनए वाचण्याजोगा निघाला, आणि ती फक्त साडेचार हजार वर्षांपूर्वीची. चाळीस हजार वर्षं, तीही कोकणपट्टीत, विसरा. चुनखडीची थंड गुहा असती तर गोष्ट निराळी.

आपण त्यांना मारून टाकलं का?

सरसकट कत्तलीचा पुरावा नाही. ते मुळातच थोडे होते. अल्ताईमधल्या एका स्त्रीचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे नातेवाईक होते. फ्रान्समधल्या मांद्रँ गुहेतला ‘थोरिन’ २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गट शेजारच्या निअँडरथलांशीही सुमारे ५० हजार वर्षं न मिसळता राहिलेला होता. इतकी छोटी, तुटक वस्ती. त्यात हवामानाचे झटके आणि संख्येने जास्त असलेले नवे शेजारी. काही मेले, काही आपल्यात विरले.

माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून का आहेत?

तुम्ही आजोबांपासून झालात, मग चुलतभाऊ अजून का आहेत?

डीएनए चाचणीसाठी थुंकी पाठवून आपला निअँडरथल टक्का काढून घ्यावा का?

हौस असेल तर घ्या. १.७ आला काय आणि २.१ आला काय, त्यावरून स्वभाव, ताकद किंवा कूळ ठरत नाही. आपली जनुकीय माहिती परक्याच्या हाती देताना अटी मात्र वाचा.

निअँडरथल मुली लग्न होऊन सासरी जायच्या का?

पाचवीतल्या मुलीची चिठ्ठी. मी हसलो, आणि मग लक्षात आलं की याचं उत्तर आहे.

सायबेरियातल्या चागिर्स्काया गुहेतल्या अकरा आणि जवळच्या ओक्लादनिकोव्ह गुहेतल्या दोन निअँडरथलांचा डीएनए २०२२ मध्ये वाचला. चागिर्स्कायात एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी ओळखू आली. आणखी एक लहान मुलगा आणि त्याची आत्या, मावशी किंवा आजी लागेल अशी एक बाई. वस्ती दहा-वीस माणसांची. बापाकडून येणारं वाय गुणसूत्र सगळ्या पुरुषांत जवळजवळ सारखं, पण आईकडून येणारा माइटोकाँड्रियाचा डीएनए पुष्कळ तऱ्हांचा. हिशेब केल्यावर निघालं की निम्म्याहून जास्त बाया दुसऱ्या वस्तीतून आलेल्या असाव्यात. पुरुष जन्मले तिथंच राहायचे. लग्न म्हणावं की नाही ते माहीत नाही, पण माहेर सुटायचं.

मुलीने पुढे विचारलं, ‘मग ती बाबांबरोबरची मुलगी का नाही गेली?’ तिचं वय तेव्हा जेमतेम दहावीतल्या मुलीएवढं होतं. ती बापाच्याच गुहेत राहिली.